बटाट्याच्या तळघरात

तक्रार साधी होती: संध्याकाळी सातनंतर
सायमीबाईंचा रेडिओ खरखरतो.
मी वीज कंपनीची. गाडी काढली, निघाले.
इव्हालोत डिसेंबरातला दिवस म्हणजे
दुपारी तासदोन तास सांडलेली निळी शाई,
बाकी काळोख. उणे अठ्ठावीस.
सूर्य रजेवर. परतायची तारीख दहा जानेवारी,
ती मात्र तो चुकवत नाही.

ओइवा केलोकुम्पू, वय एकाहत्तर,
इस्पितळातली एक्स-रे यंत्रं दुरुस्त करण्यात
हयात गेलेली. "खाली या," म्हणाला, "डोकं सांभाळा."
तळघरात एका बाजूला बटाटे,
लिंगोनबेरीच्या बरण्या, खारवलेला मासा,
दुसऱ्या बाजूला शिशाच्या पत्र्यांमागे
पातेल्याएवढं पोलादी भांडं.
"यात काय शिजतंय?"
"तारा," तो म्हणाला,
जसं कोणी म्हणावं, वाटाणे.

मोठ्या देशांची मोठी माणसं
चुंबकांच्या चुली मांडतात,
लेसरचा मारा करतात टाचणीच्या डोक्यावर.
याच्याकडे फक्त तारेचा एक पिंजरा,
बायकोच्या विणायच्या सुईवर वळलेला,
आणि हायड्रोजनचा जड भाऊ, चिमूटभर.
त्याने खटका ओढला.
जिन्यातला दिवा मंदावला, वर फ्रिज कण्हला,
आणि छोट्या पडद्यावर, पिंजऱ्याच्या पोटात
जांभळं काहीतरी डोळे चोळत उठलं.

मी मीटर पाहिला. सवयच ती.
आत जाते दोन किलोवॉट. बाहेर काय येतं?
त्याने जेलीभरली एक काचनळी
विजेरीसमोर धरली.
न्यूट्रॉन गेला की आत बुडबुडा उमटतो.
अर्ध्या तासानंतर, चष्मा कपाळावर ढकलून,
त्याने मोजले: सात.

आवळा देऊन कोहळा काढणारे
मी नोकरीत पुष्कळ पाहिले.
कोहळा देऊन आवळ्याच्या बीचा वास घेणारा
हा पहिलाच.

"बिल किती येतं?"
"त्यूनेला विचारा. ती माझ्यापासून लपवते."
"मग कशासाठी?"
तो बटाट्याच्या पोत्यावर बसला.
"तुम्हाला सूर्याचं गुपित माहीत नाही वाटतं.
वजनाला वजन लावून बघा,
शेणखताच्या ढिगाइतकीही ऊब नाही त्याच्यात.
त्यूनेचा हात त्याच्याहून हजारो पट गरम.
तो फक्त अवाढव्य आहे,
आणि त्याला कुठे जायची घाई नाही.
मला अवाढव्य होता येत नाही," तो म्हणाला.
दुसऱ्याबद्दल काही बोलला नाही.

फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता.
मी लिहिलं: जुना फ्रिज.
'उपाय' समोर: फिल्टर बसवणे.
खोटं लिहिताना हात थरथरला नाही,
थंडीने आखडला होता म्हणून असेल.

फिल्टर घेऊन परत गेले तेव्हा नेमकी दहा तारीख.
सारं गाव नदीच्या काठावर,
पोरं बापाच्या खांद्यावर,
शाळेच्या स्वयंपाकिणी ॲप्रनवर कोट चढवून.
डोंगरामागून संत्र्याच्या सालीएवढी
कड वर आली. कोणी टाळ्या वाजवल्या.
त्यूनेने तळघराच्या झापेवर डाव आपटला:
"अहो, आलाय! वर या!"

खालून आवाज आला, लांबून, बरणीतून यावा तसा:
"थांब गं, आठवा दिसतोय."

ती क्षणभर तशीच वाकून उभी राहिली,
एक कान झापेकडे, तोंड उजेडाकडे.
कड बुडाली. अकरा मिनिटं, कोणीतरी म्हणालं.
सायमीबाईंचा रेडिओ तेवढ्या वेळात
नक्की खरखरला असणार,
पण घरात कोणी नव्हतंच ऐकायला.
त्याही काठावर होत्या,
हातमोजा काढून
पाचही बोटं त्या उजेडात धरून.